एएम५ चा ऑफसेट ब्रॅकेट: ७४९ रुपयांत तीन अंश, तेही बाण नीट लावला तर

आधीच सांगतो, मी नागपूरचा, आणि आमच्याकडे 'कूलर' म्हटलं की डोळ्यासमोर खिडकीत बसवलेला पत्र्याचा डबा, वाळ्याच्या ताट्या आणि रात्री दोनला संपणारं टाकीतलं पाणी येतं. त्यामुळे मी घरी म्हटलं की कूलरसाठी नवीन ब्रॅकेट मागवलाय तर बाबा सरळ शिडी काढायला गेले. त्यांना समजावून सांगितलं की कॉम्प्युटरच्या आतला कूलर, पाण्याचाच आहे पण त्यात पाणी भरावं लागत नाही. त्यावर ते म्हणाले, "काहून रे, पाण्याचा कूलर आन् पाणी भरा लागत नाही, मंग हा घरातलाबी तसाच घ्या लागत होता ना." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर हा रिव्ह्यू आहे एका बिननावाच्या ऑफसेट माउंटिंग ब्रॅकेटचा, म्हणजे कूलर प्रोसेसरवर मधोमध न बसवता जरा सरकवून बसवणाऱ्या पट्ट्यांचा, तेही एएमडीच्या एएम५ सॉकेटसाठी (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा). ऑनलाइन घेतला, ७४९ रुपये, नऊ दिवसांनी आला. ब्रँड वगैरे काही नाही, पाकिटावर नुसता बारकोड. माझा लिक्विड कूलर २४० मिलिमीटर रेडिएटरचा (पाणी गार करणारी पंखेवाली जाळी) आहे, प्रोसेसरवर बसणारा गोल पंपवाला, तीन वर्षं जुना, चांगला चाललाय, त्याची काही तक्रार नाही. त्याच्यासोबत आलेला एएमडीचा ब्रॅकेट पंपाला प्रोसेसरच्या बरोबर मधोमध बसवतो, आणि हा नवीन त्याला साधारण ७ मिलिमीटर खाली सरकवतो. बस, एवढंच काम. दोन काळ्या अल्युमिनियमच्या पट्ट्या, चार स्क्रू, चार नायलॉनचे वॉशर. कागद नाही, चित्र नाही, काही नाही. पट्टीवर एक बारीक बाण कोरलेला आहे आणि माझे दोन दिवस त्या बाणानेच खाल्ले, ते पुढे येईलच.

हे सगळं कशाला केलं ते सांगतो. माझं काम लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं. लगनसराई आली की दोन-तीन महिने मशीन बंद होत नाही, आणि आमच्याकडे लगनसराई नेमकी उन्हाळ्यातच असते, मे महिन्यात बाहेर ४५ आणि आत मी संगीत सोहळ्याचे चार कॅमेरे जुळवतोय. प्रोसेसर एएमडीचा रायझन ९ ७९००एक्स, बारा कोर. कागदावर १७० वॅटचा, पण सोडला तर सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत ओढतो, आणि एएमडीने याला ९५ अंशांपर्यंत जायची परवानगीच दिलेली आहे. म्हणजे तो ९५ ला जातो आणि तिथेच बसतो, बिघडलाय म्हणून नाही, त्याला तसंच बनवलंय. जेवढी थंडाई द्याल तेवढा तो जास्त पळणार आणि परत ९५. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझीच छाती धडधडली होती.

आता ऑफसेट कशाला लागतो. रायझनची वरची धातूची टोपी दिसते चौकोनी आणि एकसंध, पण तिच्याखाली एक तुकडा नाही, दोन-तीन वेगवेगळे तुकडे आहेत. माझ्या ७९००एक्स मध्ये सहा-सहा कोरचे दोन छोटे तुकडे, म्हणजे चिपलेट, आणि एक मोठा आयओ डाय, जो रॅम-ग्राफिक्स कार्डाशी बोलायचं काम बघतो. खरी आग लागते ती त्या दोन छोट्या तुकड्यांत, आणि ते मधोमध नाहीत, बोर्ड कॅबिनेटमध्ये उभा लावला की ते खालच्या बाजूला येतात, ग्राफिक्स कार्डाकडे. वरचा अर्धा भाग त्या मानाने निवांत असतो. गॅसवर तवा ठेवताना ज्योत एका कडेला आली तर भाकरी कशी एकीकडे करपते आणि दुसरीकडे कच्ची राहते, अगदी तसं, फक्त इथे उलटं, इथे आपल्याला तवाच सरकवून ज्योतीवर आणायचाय. पंपाच्या खालची तांब्याची प्लेट मध्यभागी सगळ्यात घट्ट टेकते, बऱ्याच कूलरमध्ये ती मध्ये किंचित फुगीर घासलेली असते, आणि आतल्या बारीक पात्यांवर पाणीपण मध्यावरच पडतं. तो मध्य जर गार बाजूवर बसलेला असेल तर आपण पैसे दिलेल्या थंडाईतला काही भाग वाया चाललाय.

ही काही नवीन अक्कल नाही. डेरबाउअर म्हणून जो जर्मन ओव्हरक्लॉकर (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणारा) आहे त्याने २०१९ मध्येच रायझन ३००० साठी असा ब्रॅकेट काढला होता. मग नॉक्टुआ या कूलरच्या कंपनीने २०२३ मध्ये आपल्या हवेच्या कूलरसाठी ७ मिलिमीटरच्या ऑफसेट पट्ट्या आणल्या आणि स्वतःच सांगितलं की फरक साधारण १ ते ३ अंशांचा पडेल. हा आकडा मला आवडला, कारण एवढी कमी फुशारकी मारणारी कंपनी क्वचित दिसते. आर्क्टिक कंपनीच्या लिक्विड फ्रीझर ३ या कूलरमध्ये तर एएमडीचं ऑफसेट माउंटिंग डब्यातच येतं, वेगळे पैसे नाहीत. म्हणजे ज्यांना नवीन कूलर घ्यायचाच आहे त्यांनी आधी डब्यात काय येतं ते वाचा, हा माझा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाहीच, हा आमच्यासारख्या जुना कूलर ओढत चाललेल्यांसाठी आहे.

इंटेलवाल्यांनी घेऊ नका. त्यांचं दुखणं वेगळं, बाराव्या ते चौदाव्या पिढीत सॉकेटच्या दाबाने प्रोसेसरच मध्ये वाकतो, त्याला कॉन्टॅक्ट फ्रेम, म्हणजे तो दाब सारखा वाटणारी चौकट लागते.

बसवायला शनिवारी रात्री दहाला घेतलं. चूक. असली कामं सकाळी घ्यावीत, दुकानं उघडी असताना.

आधी जुना पंप काढला. दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण जुंपणारं टेस्टचं सॉफ्टवेअर) चालवून मशीन गरम करून मग बंद केलं, म्हणजे प्रोसेसर आणि पंपाच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट मऊ होते आणि पंप सुटायला त्रास देत नाही. एएम४, म्हणजे आधीच्या सॉकेटवाल्यांना माहितीय, तिथे कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत यायचा, पिना वाकायच्या, घरात सुतक पडायचं. एएम५ मध्ये पिना बोर्डाकडे आहेत आणि प्रोसेसर लोखंडी फ्रेमखाली दाबलेला असतो, त्यामुळे ती भीती गेली. तरी मी सवयीने पंप आधी डावी-उजवीकडे फिरवूनच काढला.

दुसरी सोय म्हणजे बोर्डामागची प्लेट. एएम४ ला चारही स्क्रू काढले की मागची प्लेट धपकन खाली पडायची आणि मग एका हाताने मागून धरा, दुसऱ्या हाताने पुढून स्क्रू लावा, तिसरा हात बायकोचा. एएम५ ची मागची प्लेट सॉकेटच्या स्वतःच्या स्क्रूंनी धरलेली असते, पडत नाही. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढायची गरज नाही. माझ्या जुन्या ब्रॅकेटचे चार स्क्रू काढले, नवीन पट्ट्या ठेवल्या, खाली नायलॉनचे वॉशर घातले. इथवर पंधरा मिनिटं. मग चौथा स्क्रू लावायला घेतला तर त्याच्या डोक्यावरची फुली अर्धीच पडलेली, स्क्रूड्रायव्हर गरगर फिरतोय आणि स्क्रू जागेवर. पाकिटात जास्तीचा एकही दिलेला नाही. ७४९ घेता आणि पाचवा स्क्रू देत नाही, याला काय म्हणावं.

बाबांच्या खिळे-स्क्रूच्या डब्यात (आधी त्यात बिस्किटं असायची, मी दुसरीत असताना) हात घातला. एम४ चा (४ मिलिमीटर जाडीचा) स्क्रू भोकात जातच नाही, एम३ चा (३ मिलिमीटरचा) जातो आणि लटपटतो. रविवारी सीताबर्डीला एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो, त्याने बोर्डाचा फोटो बघून छातीठोकपणे एम४ च दिला, घरी आलो, परत तेच. मग जरा वाचल्यावर कळलं की एएमडीच्या मागच्या प्लेटला मेट्रिक आटे नाहीतच, ६-३२ नावाचे इंचातले आटे आहेत, साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीचे, म्हणजे एम३ आणि एम४ च्या बरोबर मधले. कॅबिनेटचे आणि हार्ड डिस्कचे स्क्रू असतात ना, तेच आटे, फक्त ते आखूड पडतात. शेवटी आमच्या गल्लीच्या टोकाला एक रिपेअरवाला आहे, त्याच्याकडे जुन्या एएमडी कूलरच्या स्क्रूंचा एक मोठा ड्रॉवरच निघाला. त्याने चार काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत, म्हणाला, "ठेवा दादा, पाच वर्षांपासून कोणी विचारलं नव्हतं." त्या माणसाला माझ्याकडून पाच स्टार, ब्रॅकेटचं नंतर बघू. तुम्ही घेणार असाल तर पार्सल उघडल्या उघडल्या चारही स्क्रूंच्या डोक्यात स्क्रूड्रायव्हर बसतोय का ते हातात धरूनच तपासा, बोर्डावर नको.

पंप खाली सरकणार म्हणजे खाली काय आहे ते बघणं आलं. रॅमची चिंता करू नका, ती बाजूला असते. अडचण येऊ शकते ती ग्राफिक्स कार्डाच्या वरच्या पहिल्या एम.२ एसएसडीच्या हीटसिंकची, काही बोर्डांवर तो चांगलाच जाडजूड असतो. माझ्या बोर्डावर पंपाची कडा आणि हीटसिंक यांच्यात एटीएम कार्ड आरामात जातंय, दोन कार्डं एकदम नाही जात. जागा आहे, पण फार नाही. तुमचा पंप चौकोनी आणि मोठा असेल, वर स्क्रीन वगैरे असेल, तर ब्रॅकेट मागवायच्या आधी पट्टी घेऊन मोजा.

पेस्टचं एक. जुनी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, घरातला हँड सॅनिटायझर वापरू नका, बऱ्याच सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन असतं, ते मागे चिकट थर सोडतं. एएम५ च्या टोपीला कडेने खाचा आहेत, ऑक्टोपससारखे पाय दिसतात, आणि त्या खाचांत बारीक बारीक कपॅसिटर उघडे आहेत. पेस्ट जास्त झाली की तिथे जाऊन बसते. साधी पेस्ट वीज वाहत नाही त्यामुळे काही जळत नाही, पण साफ करताना कानकोरणं घेऊन बसावं लागतं, मी बसलोय. यावेळी मी वरच्या भागात कमी आणि खालच्या भागात जरा सढळ हाताने लावली, आग तिकडे आहे म्हणून. नंतर उघडल्यावर पसरलेली छान दिसली. हो, नंतर उघडावं लागलं, तेच आता सांगतोय.

पंपाचे स्क्रू कसताना एक पूर्ण कसून मग दुसरा असं करू नका, समोरासमोरचे अर्धा-अर्धा वेढा, कारचं चाक बदलताना नट कसतो तसं.

आता माप घेण्याची कथा. ब्रॅकेट बसवण्याआधी मी शहाण्यासारखं जुन्यावर रीडिंग घेऊन ठेवलं होतं. पूर्ण ताकदीवर घेऊन उपयोग नाही, तिथे तो काहीही केलं तरी ९५ च दाखवणार. म्हणून बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) १०५ वॅटचा इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालायची सेटिंग लावली, त्यात सॉकेटला १४२ वॅट मिळतात, आणि सिनेबेंच अर्धा तास. सकाळी सहाला, खोलीत (खिडकीतल्या) कूलरने २९ अंश, प्रोसेसर ७७. लिहून ठेवलं. ब्रॅकेट बसवून झाला रविवारी दुपारी तीनला, लाइट गेलेली येऊन-जाऊन, खिडकीतला कूलर नुकता सुरू झालेला, आणि मी उत्साहात टेस्ट लावली. ९० अंश! तेरा अंशांनी वाढलं. मी ब्रॅकेटवाल्याला, चीनला, आणि स्वतःला, याच क्रमाने शिव्या दिल्या. एक स्टारचा रिव्ह्यू अर्धा टाइपही केला होता.

मग भिंतीवरच्या थर्मामीटरकडे लक्ष गेलं. खोली ३८ वर होती. म्हणजे नऊ अंश तर खोलीचेच. कुठलाही लिक्विड कूलर असो, कितीही महाग असो, तो खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही, तो फक्त उष्णता इथून उचलून तिथे नेतो, तिथली हवाच तापलेली असेल तर तो तरी काय करणार. त्यामुळे बघायचा तो आकडा प्रोसेसरचा नाही, प्रोसेसर वजा खोली. सकाळी ७७ वजा २९, म्हणजे ४८. दुपारी ९० वजा ३८, म्हणजे ५२. तेरा नाही, चारने वाईट. थोडं बरं वाटलं, पण चारने का असेना वाईटच ना, मी पैसे चांगलं व्हायला दिले होते.

इथे एक शंका आली की सेन्सरच गंडलाय का. नागपूरकरांना ही शंका लवकर येते, २०२४ च्या मे अखेरीला आमच्याकडच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातम्या, नातेवाइकांचे फोन, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण इथे सेन्सर ठीक होता. रात्री अकराला खोली ३३ वर स्थिर झाल्यावर परत टेस्ट घेतली, ८५. परत ५२.

मग मोबाइलची टॉर्च लावून पट्टीवरचा तो बाण पाहिला. मी बाण वर ठेवला होता. खोक्यावर बाण असतो तो वर ठेवायचा, लहानपणापासून हेच शिकलोय, फ्रिज येतो तेव्हा, टीव्ही येतो तेव्हा. इथे बाणाचा अर्थ तसा नाही. बाण म्हणजे पंप कुठे सरकणार ती दिशा. मी पंपाला सात मिलिमीटर नेमका उलट्या बाजूला, त्या निवांत आयओ डायवर नेऊन बसवला होता. म्हणजे ज्योत एकीकडे आणि तवा दुसरीकडे. एका कागदावर दोन ओळी छापल्या असत्या तर, पण जाऊ दे, मलाही भोकं कुठल्या बाजूला सरकलीयत ते डोळ्यांनी बघता आलं असतं, बघितलं नाही.

सोमवारी रात्री परत सगळं उघडलं, पुसलं, पट्ट्या फिरवल्या, बाण ग्राफिक्स कार्डाकडे, पेस्ट नवीन. खोली ३३ ला येईपर्यंत थांबलो. तोपर्यंत बाबा एकदा डोकावून गेले, "झाला का तुझा कूलर?" म्हणून. टेस्ट अर्धा तास. ७८.

जुना मधोमधवाला ब्रॅकेट ३३ च्या खोलीत किती देतो तेही मी आधी एकदा घेऊन ठेवलं होतं, ८१. म्हणजे त्याच खोलीत, त्याच वॅटवर मधोमध ८१, उलटा ८५, सरळ ७८. तीन अंशांचा फायदा. नॉक्टुआने आपल्या कूलरसाठी जी वरची मर्यादा सांगितली तिच्यावरच आलो, आणि माझ्या मते माझ्याकडे आग लावणारे चिपलेट दोन आहेत आणि कूलर २४० चाच आहे म्हणून एवढा तरी आला. आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते त्या चुकीतूनच, सात मिलिमीटर इकडे की तिकडे यात सात अंशांचं अंतर पडतं हे उलटा लावला नसता तर मला कधी कळलं नसतं.

पूर्ण ताकदीवर सोडल्यावर काय होतं, ते पण पाहिलं. तापमान आधीही ९५, आताही ९५. इथेच बरेच लोक फसतात आणि लिहितात की ब्रॅकेट निव्वळ फालतू आहे, काही फरक नाही. फरक कोरच्या वेगात (क्लॉकमध्ये) बघायचा. आधी सगळे कोर मिळून सरासरी ४९७५ मेगाहर्ट्झच्या आसपास रेंगाळत होते, आता ५०२५ च्या आसपास. म्हणजे एक टक्का. एका तासाच्या रेंडरमध्ये अर्धा मिनिट वाचेल. यासाठी कोणी ७४९ रुपये घालवावेत असं मी म्हणणार नाही, नवरदेवाचा मामा तसाही व्हिडिओ सहा महिन्यांनी मागायला येतो.

मग मला उपयोग कुठे झाला तर आवाजात. मी आता कायम १०५ च्या इको मोडवरच चालवतो (हे सगळ्यांनी करून बघा, फुकट आहे, माझ्या कामात वेग जेमतेम जाणवण्याइतकाच कमी झाला), आणि पंखे ८० अंशांच्या वर गेल्यावरच जोरात फिरतील असं ठेवलंय. आधी रात्री रेंडर लावला की प्रोसेसर सारखा ८० च्या वर-खाली व्हायचा आणि पंखे घूंऽऽ करून चढायचे, उतरायचे, परत चढायचे. तो चढउताराचा आवाज स्थिर आवाजापेक्षा जास्त डोकं उठवतो, त्यात मी हेडफोन लावून मंगलाष्टकांचा ऑडिओ साफ करत असतो. आता रात्रीच्या कामात ते पूर्ण थांबलं. दुपारी चढतातच, दुपारी खोलीच ३८ असते, त्याला ब्रॅकेट काय करणार.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. ही सगळी मापं घेण्याआधी मी रेडिएटर साफ केला होता, वर्षभरानंतर. आमच्या खोलीत खिडकीतला कूलर दमट हवा फेकतो आणि बाहेरची धूळ त्या दमट हवेतून येऊन रेडिएटरच्या पात्यांवर अक्षरशः घोंगडीसारखी बसते, नुसती फुंकर मारून जात नाही, रंगाचा मऊ ब्रश लागतो. पंखे काढले तर खाली राखाडी रंगाचा सलग थर निघाला, सोलून काढता येईल असा. ती साफ करण्याआधी ३३ च्या खोलीत ८६ येत होते, साफ केल्यावर ८१. पाच अंश, खर्च शून्य. म्हणजे माझ्या या सगळ्या खटाटोपात सगळ्यात मोठा फायदा ब्रशने दिलाय, ब्रॅकेट दुसऱ्या नंबरवर. ज्यांच्याकडे डेझर्ट कूलर आहे त्यांनी दर दोन महिन्यांनी रेडिएटर बघाच, आणि कॅबिनेट त्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. पाणी साचेल अशी भीती काही जण घालतात, तसं होत नाही, चालू मशीनचे पार्ट हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव कसं धरणार, पण थेंब उडाले तर ती गोष्ट वेगळी, आणि धूळ तर धरणारच.

कोणी घ्यावा? ७९००, ७९५० किंवा ९९००, ९९५० असले दोन चिपलेटचे एक्सवाले प्रोसेसर असतील, कूलर आधीचा असेल, आणि दिवसभर सगळे कोर झिजवणारं काम असेल तर घ्या. एकच चिपलेट असलेल्या ७७००एक्स सारख्यांतही ती मधोमध नसते, त्यामुळे तत्त्व तेच लागू पडतं. पण ६५ वॅटचा ७६०० घेऊन गेम खेळत असाल तर सोडा, त्याला कूलर आहे त्यातच गार वाटतं, तुम्हाला आकडा बघण्यापलीकडे काही मिळणार नाही. आणि आधी तुमच्या कूलरच्या कंपनीच्या साइटवर बघा, काही कंपन्या स्वतःचा ऑफसेट ब्रॅकेट विकतात, तो मिळत असेल तर हा बिननावाचा कशाला.

वस्तू म्हणून पट्ट्या चांगल्या आहेत, त्यात खोट नाही. कडा घासलेल्या, हाताला लागत नाहीत, भोकं बरोबर मापाची, कसल्यावर वाकल्या नाहीत, मी एक पट्टी काचेवर ठेवून पाहिली, हलत नव्हती. पट्टीला चार स्टार, स्क्रूला एक, माहितीच्या कागदाला देण्यासारखं काही नाहीच कारण कागदच नाही. विकणाऱ्याला स्क्रूबद्दल मेसेज टाकला होता, त्याचं उत्तर आलं की 'प्रिय ग्राहक, कृपया पाच स्टार द्या, आम्ही स्क्रू पाठवू'. मी काही दिले नाहीत आणि स्क्रूही काही आला नाही.

हो, आणि जुना ब्रॅकेट, जुने स्क्रू, तसेच बोर्डासोबत आलेली ती दोन काळी प्लास्टिकची हुकवाली ब्रॅकेटं फेकू नका, उद्या बोर्ड विकायचा झाला किंवा साधा एअर कूलर लावायची वेळ आली तर तीच लागतात आणि बाजारात सुटी मिळायला वैताग येतो. माझी सगळी एका पिशवीत बांधून बाबांच्या बिस्किटांच्या डब्यात गेलीयत, सीताबर्डीहून आणलेल्या त्या एम४ च्या स्क्रूसोबत. पिशवीवर मी स्केचपेनने 'कूलरचं सामान' लिहिलं होतं. काल बघितलं तर त्यात खिडकीतल्या कूलरच्या पाण्याच्या मोटरची जाळी पण येऊन पडलीय.